ठोक-ठोक आवाज आला तेव्हाच उठायला पाहिजे होतं का? (मार्वल, एंडगेमनंतर)

फुटाळाकाठचा

(सहा वर्षं उलटून गेली आहेत. स्पॉयलरची ओरड ऐकून घेणार नाही.)

मार्वलचा 'अव्हेंजर्स: एंडगेम' आपल्याकडे लागला २६ एप्रिल २०१९ ला. नागपूरचं लोकसभेचं मतदान ११ तारखेला होऊन गेलं होतं. आम्हा सहाही पोट्ट्यांचं ते पहिलंच, म्हणून पॉपकॉर्नच्या डब्यात शाई लागलेली सहा बोटं एकदम जायची. बाहेर ऊन असं की गाडीच्या सीटवर टेकवत नव्हतं. आत तीन तास एक मिनिट एसी. टोनी, म्हणजे आयर्नमॅन, गेला तेव्हा आमच्यातला सगळ्यात दांडगा, जो चार बॅक लागल्यावरही दात काढत होता, तो दुपट्ट्यात तोंड खुपसून बसला. नंतर म्हणाला, सर्दी झाली.

मग सवयीप्रमाणे नावं संपेपर्यंत बसून राहिलो. दाराशी झाडूवाले काका उभे. हे भैताड शेवटचं नाव सरकल्याशिवाय हलत नाहीत, हे त्यांना पाठ होतं. मार्वलनं आम्हाला तशी खोडच लावली होती, शेवटी पुढच्या सिनेमाचा तुकडा दाखवायची. त्या दिवशी तुकडाबिकडा काही नाही. काळा पडदा आणि लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज, ठोक, ठोक, ठोक. २००८ च्या पहिल्या सिनेमात टोनी गुहेत बसून आपला पहिला सूट ठोकून काढतो, तोच आवाज. काका म्हणाले, "चला, झालं ना आता?"

त्यानंतर मी सगळं पाहिलं. सगळं म्हणजे त्या हिरव्या वकीलबाईची, शी-हल्कची मालिकासुद्धा. मजा आली का, तर अधूनमधून. पण लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरीकडचे गेले, मंडपवाला खुर्च्या गोळा करून राहिला आणि मी एका खुर्चीवर ठाण मांडून बसलोय, कारण कुणीतरी म्हटलंय की अजून एक कार्यक्रम बाकी आहे, असं वाटत राहतं.

तेव्हाच घरी जायला पाहिजे होतं का?

तर्रीपोहे

लग्न लागल्यावरच खरा सिनेमा सुरू होते भाऊ. माझ्या बायकोला विचार.

बर्डीवाली

हो, जायला पाहिजे होतं. मी तर हिशोबच मांडते.

२००८ ते २०१९, अकरा वर्षांत २३ सिनेमे. सगळे मिळून पन्नास तासांच्या आसपास. वर्षाला दोन-तीन सिनेमे, परीक्षा सांभाळून होत होते. नंतर जानेवारी २०२१ ते २०२२ च्या अखेरपर्यंत दोनच वर्षांत सात सिनेमे, आठ मालिका आणि दोन विशेष भाग. तास मोजले तर जवळपास तेवढेच. अकरा वर्षांचं जेवण दोन वर्षांत वाढलं आणि वर म्हणतात, पानात टाकू नका.

मे २०२२ मध्ये आईला घेऊन डॉक्टर स्ट्रेंजच्या दुसऱ्या सिनेमाला गेले. आईनं एंडगेमपर्यंतचे बरेच पाहिले होते, हिंदीत, टीव्हीवर, कणीक मळता मळता. वांडा तिची लाडकी. आता ही वांडा एकदम खलनायिका, आणि कशासाठी, तर पोरांसाठी. आई माझ्या कानाशी, "हिला पोरं कधी झाली गं?" आता काय सांगू? नऊ भागांची मालिका आहे, त्यात तिनं दुःखाच्या भरात अख्खं गाव जादूनं कोंडून ठेवलं, मेलेला नवरा उभा केला, पोरं जन्माला घातली, ती शेवटी विरून गेली, आणि हे सगळं आपल्याकडे ॲपवर होतं, ज्याचे पैसे आपण भरले नव्हते. मी म्हटलं, "झाली मधल्या काळात." आई म्हणाली, "आणि बारसं कुणी पाहिलंच नाही."

दीडशे रुपये देऊन सिनेमा पाहायचा आणि त्याचा गृहपाठ सहा तासांचा? नोव्हेंबर २०२३ चा द मार्वल्स तर दोन मालिका आणि एक जुना सिनेमा पाहून यावं अशाच बेतानं केलेला. जगभरात साधारण २०.६ कोटी डॉलर कमावले, मार्वलच्या या मालिकेतला सगळ्यात कमी. एंडगेमचे होते सुमारे २७९ कोटी. लोकांनी गृहपाठ केला नाही म्हणून शाळाच ओस पडली.

तर्रीपोहे

दीडशे? कोण्या जमान्यातलं सांगून राहिल्या ताई. आता दीडशेत तिथं पॉपकॉर्नचा वास घेता येते फक्त.

धंतोलीकर

एक गोष्ट सगळे विसरतात. एंडगेमनंतर कथा बिघडली असेल-नसेल, आपलं जाणंच बंद झालं होतं. मार्च २०२० पासून थिएटरांना कुलूप, मध्ये काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. महाराष्ट्रात उघडली थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला. मार्वलचा शांग-ची देशात लागला ३ सप्टेंबरला. म्हणजे नागपुरात बसून तो मोठ्या पडद्यावर पाहायची सोयच नव्हती. बसमधली ती मारामारी मी मोबाईलवर पाहिली, सलाईनच्या बाटलीकडे एक डोळा ठेवून. (वडील दवाखान्यात होते. आता बरे आहेत.)

दीड वर्ष सवय तुटली की देवळात जाणाराही घरीच हात जोडतो. त्याचं खापर सगळं लेखकांवर फोडू नका.

फुटाळाकाठचा

धंतोलीकर, हे खरं. आमच्या सहातले चार त्याच काळात गेले. दोन हिंजवडीला, एक बंगळुरूला, एक कॅनडात. दांडगा आता पुण्यात रात्रपाळी करतो. ग्रुपवर ट्रेलर टाकला तर दोन दिवसांनी अंगठा येतो.

जुनावेताळ

तुम्ही पोरं 'शेवट झाल्यावर' म्हणता तेव्हा मला गंमत वाटते. माझ्या लहानपणी शेवट ही भानगडच नव्हती.

इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायचे. आम्ही बर्डीवरून जुने अंक आणायचो, वाचून परत द्यायचे आणि दुसरे घ्यायचे. वेताळ. चालतं-फिरतं भूत, चारशे वर्षांपासून मरत नाही अशी जंगलात समजूत. खरी गोष्ट वाचकाला ठाऊक असायची, की हा एकविसावा आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, कवटीच्या गुहेत शपथ घेतो. ली फॉकनं १९३६ मध्ये सुरू केलं आणि १९९९ मध्ये वारेपर्यंत लिहीत राहिला. इंद्रजाल १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडलं, पण वेताळाचं काही संपलं म्हणून नाही. आम्ही कधी विचारलं नाही, 'आता पुढं काय उरलं?' सोमवारी वेताळ, मंगळवारी मँड्रेक. बस.

मार्वलचं चुकलं ते त्यांनी शेवट केला इथं. चित्रकथेला शेवट नसतो. तिला वार असतो, गुरुवारी येतो तसा.

बर्डीवाली

काका, पण वेताळ तुम्हाला गृहपाठ देत नव्हता. कोणताही अंक उचला, वाचा, कळला. इथं तसं कुठं आहे?

आणि दुसरं, एकविसावा वेताळ विसाव्यासारखाच दिसतो आणि तसाच वागतो, ती तर गुहेची अटच आहे. इथं स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, म्हातारा होऊन ढाल सॅमच्या हातात देतो. सॅम वेगळा माणूस. काळा माणूस, ज्याच्या बहिणीला बँक कर्ज देत नाही. २०२१ च्या मालिकेत त्यानं ती ढाल घ्यावी की नाही यावरच सगळी कथा होती, आणि ती मला आवडलीसुद्धा. मग २०२५ मध्ये त्याचा स्वतःचा सिनेमा आला, तर त्यात निम्मा वेळ २००८ च्या हल्कच्या सिनेमातली माणसं वर काढण्यात गेला. पोराला बापाचा पोशाख दिला आणि गुहेत पाहुणे भरून ठेवले.

जुनावेताळ

हे मान्य. पाहुणे फार झाले.

सावजीशाकाहारी

मी जरा लांबचं बोलतो. महाभारत अठरा पर्वांचं. दुर्योधन पडतो, अश्वत्थामा रात्री छावणीत घुसून झोपलेल्यांना मारतो, ते दहावं पर्व. युद्ध संपलं. उरली किती? आठ. आणि सगळ्यांत मोठं पर्व कोणतं, तर शांतिपर्व, युद्धानंतरचं! व्यासांना कुणी म्हटलं नाही, की बुवा, क्लायमॅक्स झाला, आता उठा.

तिथं काय आहे बघा. गांधारी रणांगणात पोरांची प्रेतं पाहत फिरते. युधिष्ठिराला राज्य नको झालंय. पुढं यादव आपसात मुसळांनी मारामारी करून संपतात, अर्जुनाला गांडीवाला दोरी चढवताना नाकी नऊ येतात, आभीर त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवून नेतात. ज्यानं भीष्माला पाडलं त्याला दरोडेखोर आवरत नाहीत! मला हे युद्धापेक्षा जास्त आठवतं.

म्हणून माझं म्हणणं, एंडगेमनंतरचं जे जमलं ते याच जातीचं आहे. वांडाची मालिका म्हणजे स्त्रीपर्व. डिसेंबर २०२१ चा स्पायडरमॅन घ्या. तीन-तीन स्पायडरमॅन आले म्हणून शिट्ट्या वाजल्या, बरोबर आहे, मीही वाजवली. पण शेवट काय? सगळं जग त्याला विसरतं, मैत्रिणीसकट. तो एका भाड्याच्या खोलीत, कार्टनं उघडून, शिलाई मशीनवर स्वतःचा पोशाख शिवतो. टोनीनं दिलेलं काही उरलं नाही. १९० कोटी डॉलर कमावले त्या सिनेमानं, करोनातून जग नीट उठलंही नव्हतं तेव्हा. तिसरा गार्डियन्स घ्या, सगळा रॉकेटच्या पिंजऱ्यातल्या दिवसांवर. लोकीच्या मालिकेचा शेवट घ्या, सिंहासन पाहिजे होतं त्याला, मिळालं, पण कसलं, तर काळाचे सगळे धागे मुठीत धरून एकटाच बसून राहण्याचं.

जिथं झालेल्या युद्धाचं देणं फेडलं तिथं मजा आहे. जिथं पुढच्या युद्धाची वर्गणी गोळा केली तिथं नाही. २०२३ चा तिसरा अँटमॅन आठवा, सगळा सिनेमा एका खलनायकाची जाहिरात. आणि तो खलनायक पुढं कुठल्याच सिनेमात आला नाही! त्या नटावर खटला झाला, डिसेंबर २०२३ मध्ये तो दोषी ठरला, मार्वलनं त्याला काढलं. वर्गणी बुडाली.

बर्डीवाली

रॉकेटचं नाव काढू नका. एका उदमांजरासाठी मी रडले, आणि शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस मला टिशू देत होता.

जुनावेताळ

तो उदमांजर नाही. रकून.

बर्डीवाली

तो स्वतःही शेवटपर्यंत रकून म्हणवून घेत नव्हता काका.

तर्रीपोहे

सावजीभाऊ, महाभारत भारी आहे, पण गांधारीनंतर कुणी तिकीट काढून जात नाही. कीर्तनातसुद्धा बुवा द्रौपदी वस्त्रहरणावर थांबतात, मौसलपर्व ऐकलं का कधी? नाही.

मी सांगतो मारबतीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली. शेवट सगळ्यांना माहीत, जुन्या पोट्ट्यालाही आणि काखेतल्या लेकरालाही, गावाबाहेर नेऊन जाळायची. सस्पेन्स शून्य. तरी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. का? बडगे! सोबतचे हे पुतळे दरवर्षी नवे. या वर्षी महागाई, पुढच्या वर्षी कोणी भ्रष्ट बाबू, मधे एकदा करोनाही निघाला होता. रोगराई घेऊन जा गे मारबत. शेवट तोच, राक्षस ताजा.

मार्वलचा राक्षस शिळा झाला. पोर्टल उघडते, निळा उजेड वर जाते, शहर पडते. दहा वर्षं तेच जाळून राहिले.

सावजीशाकाहारी

उपमा आवडली. पण मारबत पाहायच्या आधी आठ भागांची मालिका बघावी लागत नाही हेही लिहून ठेव.

बारावीचंटेन्शन

सगळे दादा-ताई-काका, मला एक बोलायचं आहे, रागावू नका.

तुम्ही 'एंडगेमनंतर' म्हणता. माझ्यासाठी ते 'नंतर' नाहीच. एंडगेम आला तेव्हा मी पाचवीत होते. मी सुरुवात केली मिस मार्व्हलपासून, जून २०२२, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. मग मागं मागं जात एंडगेम पाहिला, आणि खरं सांगू, मला तो लांब वाटला. कारण मला त्यातली निम्मी माणसं नुकतीच भेटली होती आणि ती लगेच मरून राहिली होती.

कमला खान जर्सी सिटीतली, माझ्यासारखीच वहीत चित्रं काढणारी. तिची आई रात्री बाहेर जाऊ देत नाही. तिच्या भावाचं लग्न आहे, त्यात सगळे नाचतात. माझ्या घरातलंच वाटलं. त्यात एक भाग आहे १९४७ चा, कराचीला जाणारी शेवटची गाडी सुटतानाची स्टेशनवरची गर्दी. मी तो माझ्या जरीपटक्यातल्या मैत्रिणीकडे पाहिला. तिची आजी सिंधमधून आलेली, तेव्हा सहा-सात वर्षांची. आजी आमच्या मागं पलंगावर होती, पाहते आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं. मधेच म्हणाली, "आम्ही गाडीनं नाही, बोटीनं आलो. पण धक्का असाच होता. माझी एक चप्पल तिथं राहिली." मैत्रिणीनं ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. मग आम्ही मालिका बंद केली आणि आजीचं ऐकलं.

त्या मालिकेचा शेवट तेवढा भारी नव्हता, मारामारी नेहमीचीच. पण तुमचा कळस झाला म्हणून आमचं देऊळ बंद करू नका.

फुटाळाकाठचा

रागावणार कोण? ही पोट्टी आमच्यापेक्षा बरी लिहिते.

चप्पल डोक्यातून जाईना बाप्पा.

धंतोलीकर

+१. बारावीचंटेन्शन, पुढचं लिहीत जा. (परीक्षा झाल्यावर.)

बर्डीवाली

ठीक आहे, तिच्यासाठी मी अर्धं मत मागं घेते. पण एका गोष्टीवर हलणार नाही. मेलेला माणूस मेलेला राहिला पाहिजे.

टोनीच्या मरणावर तीन तासांचा सिनेमा उभा आहे. तो दांडगा उगाच रडला नाही. आणि जुलै २०२४ मध्ये तोच नट मंचावर मुखवटा काढून उभा राहतो, की मी आता डॉक्टर डूम. नवं पात्र आहे, मान्य. टोनी परत आलेला नाही, तेही मान्य. पण चेहरा तर तोच ना? डिसेंबर २०२६ मध्ये तो पडद्यावर येईल तेव्हा माझ्या आईला मी काय सांगू, हा टोनी नाही, टोनीच्या चेहऱ्याचा दुसराच? ती म्हणेल, मग मी २०१९ मध्ये कुणासाठी रडले?

लोगनचं, म्हणजे वुल्व्हरिनचं, तेच. २०१७ मध्ये गेला, काय सुंदर गेला. २०२४ च्या डेडपूलच्या सिनेमात सुरुवातीलाच त्याची कबर उकरून त्याच्या हाडांनी मारामारी. हसले मी, नाकारत नाही. १३३ कोटी डॉलरचं हसू होतं ते. पण घरी येताना जरा ओशाळल्यासारखं झालं.

जुनावेताळ

सुपरमॅन १९९२ मध्ये मारला होता डीसी कॉमिक्सवाल्यांनी. परदेशातल्या पेपरांत बातम्या. वर्षभरात परत. चित्रकथेत मरण म्हणजे मे महिन्याची सुट्टी.

सावजीशाकाहारी

चित्रकथेत चालतं, कारण रेषा म्हातारी होत नाही. नट होतो. तिथंच सिनेमाची ताकद आहे. आपण त्या माणसाला अकरा वर्षं सुरकुतताना पाहिलं, त्याच्याबरोबर आपणही दहावीतून नोकरीत गेलो. चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये गेला, खराच गेला. मार्वलनं त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही, दुसऱ्या ब्लॅक पँथरची सुरुवातच त्या राजाच्या अंत्ययात्रेनं केली, पांढऱ्या कपड्यांत. तो सिनेमा मधे भरकटतो, पण ती सुरुवात मला एंडगेमच्या तोडीची वाटते. कारण तिथं कुणी परत येणार नव्हतं.

तर्रीपोहे

वातावरण एकदम जड केलं राव. पॉपकॉर्न सादळलं माझं.

धंतोलीकर

एक व्यवहाराची बातमी टाकतो. मार्वलची मालक असलेल्या डिस्नेच्या बॉब आयगरनं २०२४ मध्ये जाहीर सांगितलं होतं, आता वर्षाला दोनच मालिका, आणि सिनेमे चारवरून दोन किंवा फार तर तीन. म्हणजे बर्डीवालीचा हिशोब त्यांच्या मुनीमजींनाही पटलेला दिसतो. २०२५ मध्ये तीन सिनेमे आले, त्यातला थंडरबोल्ट्स आणि फँटास्टिक फोर मी पोराबरोबर पाहिला. दुसऱ्यासाठी काहीही आधी पाहिलेलं नसलं तरी चालतं, वेगळ्याच जगात घडतो. पोरानं घरी येऊन स्टीलच्या डब्यांचा रॉकेट केला. अजून पोळ्यांचा डबा सापडलेला नाही.

संपादक

उदमांजराचे तीन प्रतिसाद आणि तिकिटांच्या दरांवरची भांडणं उडवली आहेत. विषयावर राहा.

तर्रीपोहे

उदमांजराचे दोन राहिले वर.

फुटाळाकाठचा

सगळं वाचलं, दोनदा. सावजीभाऊंचं देणं-वर्गणीचं पटलं. मी माझीच यादी काढून पाहिली, परत पाहावंसं वाटलेलं काय काय, तर वांडाची मालिका, तो शिलाई मशीनवाला स्पायडरमॅन, तिसरा गार्डियन्स, लोकी. सहा वर्षांत चार. वाईट नाही. बाकीचं मी का पाहिलं? तर कॅनडावाल्याला रात्री मेसेज टाकायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून. "पाहिला का?" "अर्धा." एवढंच होतं आमचं बोलणं, पण होतं.

काल हा धागा ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी अंगठा येईल म्हटलं. दहा मिनिटांत दांडग्याचा फोन. म्हणतो, "सर्दीचं कशाला लिहिलं बे?" मग म्हणतो, डूमवाला १८ डिसेंबरला आहे ना, शुक्रवार येते, मी गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, तू तिकिटं काढ. मी म्हटलं, वर्षभरानंतरचं तिकीट आज कोण विकून राहिलं? म्हणे, तरी विचारून ये.

बर्डीवाली

त्या दिवशी माझ्या आईला घेऊन आम्हीही तिथंच येऊ. तिला कोणीतरी समजावून सांगा की हा टोनी नाही. माझ्याच्यानं होणार नाही.

बारावीचंटेन्शन

मी सांगते काकूंना. मला टोनीचं तेवढं काही वाटत नाही.

जुनावेताळ

बाप रे. हिला बॅन करा.